डॅम्पर सगळ्यांत शेवटी

(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'उंच केलेली गाडी वळणावर उलटू नये म्हणून'. त्याकडे येणारच आहे. पण वळणाचं नंतर बघू, या गाड्या सरळ रस्त्यावर तरी सरळ चालतात का? बाहेर पार्किंगमध्ये वाकून बघा. पुढच्या ॲक्सलवर नवाकोरा, रंगीत स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे झटके दाबणारी नळी, दिसेल. का बसवला विचारलं, की उत्तर ठरलेलं: 'स्टिअरिंग थरथरत होतं हो.'

माझं सगळं भांडण या डॅम्परशी आहे. खरं तर त्याच्याशी नाही, त्याच्या नंबराशी. तो यादीत शेवटचा असायला हवा, आणि आपल्याकडे तो पहिला बसतो.

नेहमीचा क्रम सांगतो, तुम्हाला ओळखीचा वाटला तर हसू नका. रिजिड ॲक्सलची, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असलेली गाडी, समजा मारुतीची जिमनी. पन्नास मिमीच्या उंच स्प्रिंगा टाकल्या. मूळचे १९५/८० आर १५ टायर काढून २३५/७५ आर १५ चढवले. ठाणे-बेलापूर रस्त्यावर सत्तरच्या वेगात पुलाच्या सांध्यावरून एक चाक गेलं, आणि अख्खं स्टिअरिंग डावं-उजवं असं झटके द्यायला लागलं, की वाटावं ॲक्सल सुटून चाललाय. यालाच डेथ वॉबल म्हणतात. तसं झालं तर करकचून ब्रेक मारू नका, झटक्यांशी कुस्तीही खेळू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा आणि वेग उतरू द्या. चाळीस-पन्नासच्या खाली ते बहुधा आपोआप थांबतं.

मग मालक जातो गॅरेजला. तिथं बॅलन्सिंग होतं. आठवड्यानं अलाइनमेंट होतं, म्हणजे टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीयत) तेवढा बघितला जातो, कारण मशिनवर कॅस्टरचा (चाकाच्या आसाच्या कलाचा, त्यावर पुढं येतो) आकडा लाल दिसला तरी 'तो ॲडजस्ट होत नाही साहेब' म्हणून सोडून देतात. तिसऱ्या खेपेला डॅम्पर बसतो, आणि थरथर खरंच थांबते. सगळे खूश! घोटाळा इथंच होतो. डॅम्पर म्हणजे आडवा लावलेला शॉकअब. तो हालचाल दाबतो, हालचालीचं कारण काढत नाही. पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सलला आडवा सरकू न देणारा चॅसीपासूनचा दांडा, त्याच्या बुशात (सांध्यातल्या रबरी बाहीत) जो प्ले, म्हणजे ढिलाई होती, ती तशीच राहते. काही महिन्यांत बुश आणखी ओवल होतो, डॅम्परचं तेल गळतं, आणि या वेळी झटका पहिल्यापेक्षा जोरात येतो.

तपासायचं कसं? सोपं आहे, फुकट आहे, म्हणूनच कोणी करत नाही. गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर. जॅकवर नाही, वजन चाकांवरच हवं. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. एकानं आत बसून स्टिअरिंग घड्याळाच्या अकरा ते एक इतकंच, भराभर डावं-उजवं हलवायचं. दुसऱ्यानं खाली जाऊन एकेका सांध्यावर बोट ठेवायचं: अर्धं बोट बोल्टच्या डोक्यावर, अर्धं ब्रॅकेटवर. डोळ्याला न दिसणारा अर्धा मिलिमीटर बोटाला कळतो. सुरुवात पॅनहार्डच्या दोन्ही टोकांपासून करा, कारण सर्वांत जास्त वेळा चोर तिथंच सापडतो. मग ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा), टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं), स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट. बोल्ट घट्ट असूनही ब्रॅकेटमध्ये सरकत असेल, तर ब्रॅकेटचं भोकच मोठं झालंय. तिथं नवा बुश टाकून काही होणार नाही, वॉशर वेल्ड करून भोक पुन्हा मापात आणावं लागतं.

यानंतर जॅक. चाक वर घेऊन बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. हललं तर एकाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे ज्यावर चाक डावं-उजवं वळतं ती खीळ. जिप्सी आणि जिमनीत किंगपिन बेअरिंगवर असतं, त्याचा घट्टपणा शिमनं, म्हणजे पातळ चकत्यांनी बसवतात. मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो, तो स्प्रिंग काट्यानं मोजतात. 'हातानं बरोबर वाटतंय' हे मोजमाप नव्हे.

आता कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागचा कल. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते, तोच हिशोब इथं. रेडियस आर्मच्या, म्हणजे ॲक्सलला पुढं-मागं धरणाऱ्या लांब दांड्यांच्या गाडीत आर्मचं मागचं टोक चॅसीला, पुढचं ॲक्सलला पक्कं. गाडी वर उचलली की मागचं टोक वर जातं, आर्म पुढं झुकतो, आणि ॲक्सलचा माथा त्याच्याबरोबर पुढं कलतो. किती, ते टेप घेऊन घरी काढा: लिफ्ट भागिले आर्मची लांबी, गुणिले ५७. पन्नास मिमी लिफ्ट, सातशे मिमी आर्म, म्हणजे चार अंश गेले. अशा बऱ्याच गाड्यांत मूळचा कॅस्टरच दोन ते चार अंशांच्या घरात असतो. म्हणजे शिल्लक काय राहिलं, तुम्हीच सांगा. वळणातून स्टिअरिंग आपसूक परत येत नाही, हायवेवर गाडी तरंगते, आणि वाशीच्या खाडीपुलावर वारा आला की लेन बदलते.

उपाय म्हणजे ऑफसेट बुश, ज्याचं भोक मधोमध नसतं. त्यांनी दोन-तीन अंश परत मिळतात, त्यावर लागले तर आर्म बदलायचे किंवा चॅसीकडचं टोक खाली आणणारं ब्रॅकेट लावायचं. पण फुकट काही नाही. कॅस्टर परत आणायला ॲक्सल मागं फिरवला की डिफरेन्शियलचं नाक खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. ठरावीक वेगात गुणगुण ऐकू आली तर समजा तिथूनच आली. आणि 'थोडा जास्तच देऊन टाका' असंही मिस्त्रीला सांगू नका. कॅस्टर फार झाला की थरथर उलट वाढते.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्यांत, म्हणजे जुन्या जिप्सी-जीपमध्ये, लांब शॅकल (पाटा चॅसीला जोडणारा झुलता दुवा) टाकून उंची वाढवायची भारी हौस असते. शॅकल पुढच्या पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टर घटतो, मागच्या टोकाला असेल तर वाढतो. आधी खाली वाकून बघा कुठं आहे. दुरुस्ती पाटा आणि ॲक्सल यांच्यामधल्या पाचरीनं होते. पाचर लोखंडी घ्या, ॲल्युमिनियमची चेपते आणि यू-बोल्ट सैल पडतात.

थारवाले गालात हसतायत. आमचं पुढं इंडिपेंडंट, प्रत्येक चाक वेगळं, आम्हाला वॉबल नाही, असं ना? बरोबर. तुमचं दुखणं वेगळं. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअबच्या जोडगोळीच्या) माथ्यावर पंचवीस मिमीचा स्पेसर टाकला की चाक पंचवीस मिमी नाही, जास्त खाली जातं, कारण स्ट्रट लोअर आर्मच्या टोकाला नसून आतल्या बाजूला बसलेला असतो. तो आर्मच्या मधोमध बसत असेल तर चाक जवळजवळ दुप्पट खाली. चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा सीव्ही जॉइंट कोनाच्या टोकाला पोचतो, त्याचा रबरी बूट फाटतो, ग्रीस चाकभर उडतं. आवाज यायला लागेपर्यंत जॉइंट गेलेला असतो.

पॅनहार्डचं एक राहिलं. रॉडची लांबी तीच ठेवून गाडी उचलली की ॲक्सल रॉडच्या चॅसीकडच्या टोकाच्या दिशेनं सरकतो. साडेआठशे मिमीचा रॉड, आधी साठ मिमी उतार, पन्नास मिमी लिफ्ट: सरक जवळपास पाच मिमी. त्यासाठी ॲडजस्टेबल रॉड मिळतो. तो आणि ड्रॅग लिंक समोरून बघताना समांतर दिसल्या पाहिजेत, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप फिरतं. आणि घोडबंदरला राहणाऱ्याला 'प्रत्येक खड्ड्यात' म्हणजे किती, हे मी काय सांगू?

स्टिअरिंग सरळ केल्यावर ईएसपीच्या (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेच्या) अँगल सेन्सरचा शून्य स्कॅनरनं पुन्हा बसवून घ्या. नाहीतर सरळ रस्त्यावर गाडी वळतेय असं समजून ईएसपी एकाच चाकाचा ब्रेक लावतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, सात मिनिटं. बरं, छापलेला विषय.

डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा आकडा लक्षात ठेवा. गाडी उलटायला तिच्या वजनाच्या किती पट आडवा जोर लागेल, ते तो सांगतो. जिमनीचं अंतर १४०० मिमीच्या आसपास. गुरुत्वमध्य सातशेवर धरू. आकडा आला १.०. लिफ्ट आणि टायर मिळून तो साठ मिमी वर गेला, की आकडा ०.९२. म्हणाल, एवढंसंच? चाळीस मीटर त्रिज्येच्या वळणावर कागदावरचा उलटण्याचा वेग ७१ वरून ६८ वर येतो, बस. पण कोरड्या डांबराची पकड साधारण ०.८, म्हणजे वजनाच्या ०.८ पट आडव्या जोरापर्यंत टायर घसरत नाही. गाडी आधी घसरणार की आधी उलटणार, हे या दोन आकड्यांमधल्या फरकावर ठरतं, आणि तो ०.२ वरून ०.१२ वर आला. त्यातून वळणावर बॉडी कलते, टायर चेपतो, ते आणखी खातं.

आता टपावर कॅरिअर आणि साठ किलो सामान. बाराशे किलोच्या गाडीवर एवढ्या उंचीचं साठ किलो गुरुत्वमध्य आणखी पन्नास मिमी वर नेतं. म्हणजे लिफ्टएवढंच! आकडा ०.८६. तेव्हा स्टेपनी, जेरीकॅन, जॅक टपावरून उतरवा, डिकीत खाली ठेवा. हा सर्वांत स्वस्त उपाय.

पावसात पकड कमी, त्यामुळे गाडी उलटण्याआधी घसरते. पण घसरत जाऊन दुभाजकाला किंवा साइडपट्टीच्या खाचेला चाक अडलं, की उलटते. गायमुखच्या वळणांवर तेवढ्यासाठी वेग आवरा.

रुंदी वाढवायची तर कमी ऑफसेटचा रिम. दर बाजूला पंचवीस मिमी बाहेर, की ०.९२ चा आकडा ०.९५ होतो. त्याबदल्यात बेअरिंगवर ताण वाढतो आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग ओढतं. त्याहून बाहेर नेऊ नका.

अँटीरोल बारच्या (वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या दांडीच्या) लिंका लिफ्टएवढ्या लांब करा, बारचे हात जवळपास आडवे राहिले पाहिजेत. ट्रेलवर लिंका सोडल्या असतील तर डांबरावर येण्याआधी जोडा. हवा कमी केली असेल तर तीही तिथंच भरा. अठरा पीएसआयवर हायवेला वळण घेतलं तर मऊ पडलेला टायर आडवा लोळतो आणि रिमवरून सुटू शकतो. उंच स्प्रिंगेवर जुना शॉकअब ठेवू नका, खड्ड्यात चाक लोंबलं की तोच दोरीसारखा ताणला जातो. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायरही चाक पूर्ण लोंबवून तपासा.

कायद्याचं एका वाक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आरसीवरच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल चालत नाही. ठाण्याची एमएच-०४ काय आणि नवी मुंबईची एमएच-४३ काय, नियम तोच. क्लेमच्या वेळी विमावालेही हेच वाचून दाखवतात.

दोन मिनिटं उरली. बुशचे बोल्ट जॅकवर गाडी असताना शेवटपर्यंत आवळू नका. नुसते बसवा, गाडी खाली घ्या, पुढून-मागून दाबून दोन-चारदा हलवा, मग टॉर्क पान्यानं आवळा. लोंबत्या अवस्थेत आवळलेला रबर बुश गाडी उभी असतानाही पिळलेलाच राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. शंभर किलोमीटर चालवून सगळे बोल्ट पुन्हा तपासा, यू-बोल्ट धरून. एवढं सगळं झाल्यावरही मोठ्या टायरमुळे खडबडीत रस्त्यावर हाताला धक्के लागत असतील, तर मग खुशाल डॅम्पर लावा.