मुद्दाम खराब केलेली चांदी

बाहेर पाऊस धो धो चाललाय, आणि फोंड्याजवळच्या एका कॉलेजच्या या लॅबमध्ये ही चांदीची पट्टी बघा. शेटच्या, म्हणजे सोनाराच्या, दुकानातून आणलेली, अॅल्युमिनाच्या पावडरने घासून घासून आरसा केलेली. आणि आता हीच मुलं ती खराब करणार आहेत.

पट्टी पोटॅशियम क्लोराइडच्या पाण्यात सोडली, करंट दिला. वरच्या चांदीचं सिल्व्हर क्लोराइड होतं, करंट उलटा केला की परत चांदी, पण ती पहिल्यासारखी सपाट बसत नाही, बारीक बारीक कण होऊन बसते. हा बघा, रंग गेला, मळकट झाली. घरी आईने लगेच रांगोळी घेऊन घासायला काढली असती!

१९७४ साली इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी अशाच खडबडीत चांदीवर पिरिडिन नावाच्या रसायनाचा रामन सिग्नल घेतला, म्हणजे आपल्या सी. व्ही. रामन यांचा १९२८चा तोच परिणाम: रेणूवर आपटून विखुरलेल्या प्रकाशातल्या थोड्याशा प्रकाशाचा रंग बदलतो, आणि त्यावरून रेणू ओळखता येतो. एरवी हा सिग्नल फारच अशक्त असतो. सिग्नल जोरदार आला. त्यांना वाटलं, खडबडीत केल्याने जागा वाढली, रेणू जास्त बसले, झालं. १९७७मध्ये दोन वेगळ्या ग्रुपनी हिशेब मांडला तर वाढ लाख ते दहा लाख पट, नुसत्या वाढलेल्या जागेने एवढं होणंच शक्य नाही.

खरी करामत चांदीतल्या इलेक्ट्रॉनची. प्रकाश पडला की कणांमधले इलेक्ट्रॉन एकत्र झुलायला लागतात आणि टोकांवर, दोन कणांमधल्या फटीत प्रकाश एकवटतो. तिथे असलेल्या रेणूला प्रकाश जास्त मिळतो, आणि त्याचा स्वतःचा प्रकाश बाहेर फेकायलाही चांदीच मदत करते.

आता लाइट बंद. हिरव्या उजेडात स्वतः चमकणारा रोडामीन रंग, आणि हिरवा लेसर. इथे रामन नाही, ही चमकच बघायची. डावीकडे सपाट चांदी, उजवीकडे खडबडीत, आणि कॅमेऱ्याचं सेटिंग अजिबात बदललेलं नाही बरं का. उजवीकडचा नारिंगी उजेड बघा!

पण खाली हा काळा पट्टा दिसतो ना, तिथे रंग थेट चांदीला चिकटलाय. इतक्या जवळ गेलं की रेणू आपली ऊर्जा धातूलाच देऊन टाकतो आणि विझतो. म्हणून उजळ भागात मध्ये पॉलिमरचा काही नॅनोमीटरचा थर दिलाय, तो कसा दिला ते शूट करायचं राहून गेलं.

माशांवर बेकायदा वापरलं जाणारं मॅलॅकाइट ग्रीन हे रसायन अशा पृष्ठभागावर रामन सिग्नलने अगदी थोडं असलं तरी पकडता येतं, आणि पट्टी बनवायला लागलं ते सगळं या एका टेबलावर आहे. फक्त आपल्या दमट हवेत चांदी लवकर काळी पडते, त्यामुळे पट्टी केली की त्याच दिवशी वापरायची.