दोन आठवड्यांची रजा
(लघुमाहितीपटासाठी निवेदन)

[दृश्य: सोलापूर, सकाळ. डॉ. कोटणीस स्मारक. रस्त्यावर रहदारीला नुकतीच सुरुवात.]

परदेशी जाऊन रुग्णसेवा म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे एकच नाव उभं राहतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला निघालं. त्यात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. चोळकर परत आले. कोटणीस आले नाहीत. 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच त्यांनी प्राण सोडला. वय, 32 वर्षं.

असं आयुष्य ओवाळून टाकणारी माणसं विरळा. त्यांच्यापुढे हात जोडावेत. पण ही गोष्ट त्यांची नाही. ही गोष्ट आहे एका साध्या नर्सची. तिला घर आहे, मुलं आहेत, कर्जाचे हप्ते आहेत, आणि हातात आहे जेमतेम दोन आठवड्यांची रजा. ती रजा हजारो मैलांवरच्या एखाद्या रुग्णालयाला द्यायची तिची मनापासून इच्छा आहे.

उपयोग होईल का तिचा?

एकटीच उठून गेली, तर फारसा नाही. पहिले दोन-तीन दिवस वॉर्डची रीत समजून घेण्यात जातात. नावं लक्षात राहायला लागतात, कुठली औषधं खरोखर मिळतात आणि कुठली नुसती कागदावर आहेत ते कळायला लागतं, तोवर परतीचं विमान आलेलं असतं. त्यात तिथल्या दमलेल्या परिचारिकांना स्वतःचं काम सांभाळून या पाहुणीचीही सरबराई करावी लागते. मग तिची रजा कारणी लागायला काय हवं? तिच्या आधी कोणीतरी गेलेलं हवं, आणि तिच्यानंतर कोणीतरी जाणार हवं.

[दृश्य: वेल्स. पाऊस, हिरवे डोंगर, दगडी कुंपणं, मेंढ्या.]

ही साखळी कशी बांधतात ते बघायला वेल्समध्ये यावं लागतं. ब्रिटनच्या पश्चिमेचा हा छोटा डोंगराळ देश. लोकसंख्या तीसेक लाख, म्हणजे एकट्या पुणे शहरापेक्षाही कमी. स्वतःची भाषा आहे, ती टिकवण्याची धडपड आहे, आणि शेजारी इंग्लंडसारखा अवाढव्य देश.

इथल्या वायव्य टोकाच्या एका खेड्यात कार्ल क्लाउझ नावाचे डॉक्टर राहायला आले. जन्म मँचेस्टरचा. वेल्श भाषा त्यांनी मोठेपणी शिकून घेतली. 1970 च्या दशकात गावची शाळा बंद पडायची वेळ आली, तेव्हा गावकरी एकत्र आले, आणि 1974 मध्ये गावाची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली. डॉक्टर त्यात पुढे होते. सहकार म्हणजे काय ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. चार घरांनी मिळून केलेल्या कामाला बळ येतं, हे या डॉक्टरांनी आपल्या गावात पाहिलं होतं.

याच क्लाउझ यांच्या डोक्यात कल्पना आली, की वेल्सनं जगातल्या एखाद्या देशाशी नातं जोडावं. सरकारनं सरकारशी नव्हे, तर शाळेनं शाळेशी, दवाखान्यानं दवाखान्याशी, गावानं गावाशी. देश निवडला लेसोथो. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेला, आणि इतका उंचावर, की त्याचा सगळ्यात सखल भागसुद्धा समुद्रसपाटीपासून 1,400 मीटरच्या आसपास. छोटा, डोंगराळ, स्वतःची भाषा असलेला, गाण्याचं वेड असलेला, आणि शेजारी अवाढव्य देश. वेल्सला लेसोथोत आपलाच चेहरा दिसला असणार. 1985 साली संस्था सुरू झाली: डोलेन कम्री. कम्री म्हणजे वेल्स, डोलेन म्हणजे दुवा.

[दृश्य: लेसोथो. घोड्यावरून चाललेला ब्लँकेट पांघरलेला माणूस. दूर डोंगरउतारावर एक दवाखाना.]

मग दुवे वाढत गेले. उत्तर वेल्सचं आरोग्य मंडळ लेसोथोतल्या कुथिंग जिल्ह्याशी जोडलं गेलं. ग्वेंट भागातले डॉक्टर दक्षिण इथिओपियात जाऊ लागले. वेल्सची राजधानी कार्डिफ, तिथल्या विद्यापीठातले भूलतज्ज्ञ नामिबियात शिकवू लागले. आणि 2005 मध्ये दक्षिण वेल्सच्या जुन्या कोळसा-खोऱ्यांतल्या लोकांनी पूर्व युगांडातल्या म्बालेशी नातं जोडलं. त्या संस्थेचं नाव पोन्ट. वेल्शमध्ये पोन्ट म्हणजे पूल.

म्बालेपाशी थोडं थांबू.

[दृश्य: माउंट एल्गनच्या उतारावरची लाल मातीची पायवाट. मोटरसायकलचा आवाज जवळ येतो.]

बाळंतीण दगावते तेव्हा बहुतेकदा तीन ठिकाणी उशीर झालेला असतो. घरात निर्णय घ्यायला उशीर. दवाखान्यापर्यंत पोचायला उशीर. आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला उशीर. चांगली अँब्युलन्स दिली तरी चढणीच्या, चिखलाच्या पायवाटेवर ती येणार कशी? म्हणून इथे आली मोटरसायकल. तिच्या कुशीला एक चाक, त्या चाकावर माणूस आडवा झोपेल एवढी खाट, वर आडोसा. दिसायला शोलेतल्या जय-वीरूच्या गाडीची लांबची बहीण. पण बिघडली तर जवळच्या गावातला मेकॅनिक ती दुरुस्त करू शकतो, आणि पेट्रोलही बेताचंच लागतं. तरी नुसत्या गाडीनं भागत नाही. कळा सुरू झालेल्या बाईला आता हलवायलाच हवं, हे ओळखणारं माणूस गावात हवं. म्हणून गावोगावच्या आरोग्यसेवकांचं प्रशिक्षण आधी. आपल्या आशाताई जे काम करतात, तेच.

तिथे पोचलेल्या पाहुण्यानं स्वतः किती रुग्ण तपासले हा हिशोब इथे लागू पडत नाही. तो परतल्यानंतर गाडी चालू आहे ना, एवढंच विचारायचं.

कारण बंद पडलेल्या वस्तूंची रास फार मोठी आहे. गरीब देशांतल्या रुग्णालयांमधली सुमारे 40 टक्के वैद्यकीय उपकरणं बंद अवस्थेत असल्याचं 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळलं होतं. कुठे सुटा भाग मिळत नाही, कुठे वीज टिकत नाही, कुठे यंत्र चालवायला कोणाला शिकवलेलंच नाही. देणाऱ्याचा फोटो निघालेला असतो, आणि यंत्र कोपऱ्यात कापडाखाली असतं. हे पाहताना जीव तुटतो.

[ध्वनी: पल्स ऑक्सिमीटरचा टिक्-टिक् असा नियमित स्वर.]

हा आवाज ऐका. शस्त्रक्रिया चालू आहे. रुग्णाच्या बोटाला लावलेला छोटा चिमटा रक्तातला ऑक्सिजन मोजतोय.

[ध्वनी: स्वर हळूहळू खालच्या पट्टीत उतरतो.]

आता पट्टी उतरली. ऑक्सिजन घटतोय. भूल देणाऱ्याला पडद्याकडे बघावंही लागत नाही, कानच सांगतो. हे छोटं यंत्र नसलेली कितीतरी शस्त्रक्रियागृहं जगात होती. ती उणीव भरून काढायला 2011 मध्ये लाइफबॉक्स ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांत एक नाव आहे डॉ. अतुल गावंडे. मूळ गाव उटी, तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ. या संस्थेची एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. यंत्र देताना ती प्रशिक्षणही देते. स्वर उतरला की काय करायचं, पहिलं काय, दुसरं काय, ते शिकवते.

[दृश्य: कार्डिफ. एका बैठकीच्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या, चहाचे कप.]

आता त्या नर्सकडे परत. 2006 पासून वेल्सच्या सरकारनं आफ्रिकेशी असलेल्या या नात्यांना पाठबळ द्यायला सुरुवात केली, आणि सुटे सुटे आरोग्य-दुवे एका जाळ्यात आले. जाळं म्हणजे काही मोठी इमारत नाही. जाळं म्हणजे फोन केला तर उचलणारं माणूस. त्या देशात काम करायला तिथल्या नर्सिंग कौन्सिलची परवानगी कशी काढायची? विमा कोणता? रजेचा पगार मिळणार का? त्याच रुग्णालयात शेजारच्या जिल्ह्यातली दुसरी तुकडी पुढच्या महिन्यात जाते आहे का? असेल तर दोघींनी वेगवेगळं शिकवून तिथल्यांचा गोंधळ उडवायचा, की बसून ठरवायचं? लंडनहून हे जमवणं अवघड. वेल्समध्ये जमतं, कारण देश छोटा आहे. माणसं एकमेकांना ओळखतात, आणि आपण केलेली चूक ओळखीच्या माणसाला सांगणं सोपं जातं.

2014 मध्ये याला लेखी रूप आलं. परदेशी आरोग्य-भागीदारीसाठी एक सनद तयार झाली आणि वेल्समधल्या आरोग्य मंडळांनी तीवर सह्या केल्या. भागीदारी दोन्हीकडून हवी, हे तिच्यातलं मुख्य सूत्र. परदेशात मदत करणं ही नर्सची खासगी हौस नाही, ती रुग्णालयाचीही जबाबदारी आहे, हे एकदा सहीनिशी कबूल झालं, की रजेचा अर्ज घेऊन साहेबांपुढे उभं राहणं वेगळं होतं.

या सगळ्याच्या मुळाशी कार्डिफमध्येच जन्मलेल्या एका डॉक्टरांचा आग्रह आहे. एल्ड्रिड पॅरी. इथिओपिया, नायजेरिया, घाना इथे त्यांनी उमेदीची वर्षं शिकवण्यात घालवली, आणि 1988 मध्ये अशा भागीदाऱ्यांना आधार देणारी संस्था काढली. त्यांची शिकवण साधी होती: आधी तिथल्या माणसांना विचारा, तुम्हाला काय हवंय.

[दृश्य: दक्षिण वेल्समधल्या खोऱ्यातली घरांची रांग. एक जुना दवाखाना.]

आणि मदत एकाच दिशेनं वाहते असं कोणी समजू नये. कोळशाच्या या खोऱ्यांमध्ये जिथे स्थानिक डॉक्टर यायला तयार नव्हते, तिथले दवाखाने वर्षानुवर्षं भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी चालवले. त्यांना शिकवण्याचा खर्च आपल्या देशांनी केला होता. मार्च 2024 मध्ये वेल्सच्या सरकारनं केरळशी करार केला, 250 आरोग्य कर्मचारी नेण्यासाठी. जी माणसं आपण नेतो, त्यांच्या बदल्यात त्या मुलखाला काय देतो, हा प्रश्न विचारायलाच हवा. 2021 च्या उन्हाळ्यात, आपल्याकडे लोक सिलिंडरसाठी रात्र रात्र रांगेत उभे होते तेव्हा, भारतात आलेल्या ऑक्सिजन यंत्रांमध्ये वेल्सहून आलेली यंत्रंही होती. ती आठवण ठेवू. पण त्यानं हिशोब पुरा होत नाही.

2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदतीला मोठी कात्री लावली आणि लेसोथोसारख्या देशात एचआयव्हीच्या कामावरचे आरोग्यसेवक घरी बसले. जिथे सुमारे पाचांतल्या एका प्रौढाला हा संसर्ग आहे, तिथे. अब्जावधी डॉलरची ती पोकळी कुठल्याही दुव्यानं भरून निघणारी नाही. तरीही 40 वर्षांपूर्वी जोडलेलं नातं एका सहीनं तुटत नाही, हेही खरं.

[दृश्य: कार्डिफमधलं टेंपल ऑफ पीस. उंच पांढरे खांब. कॅमेरा दाराकडे सरकतो.]

ही इमारत 23 नोव्हेंबर 1938 रोजी खुली झाली. कोटणीसांचं पथक चीनला गेलं, त्याच वर्षी. उद्घाटन कोणा राजपुत्राच्या हस्ते झालं नाही. डाउलिस गावच्या मिनी जेम्स यांनी दार उघडलं. पहिल्या महायुद्धात त्यांनी तीन मुलगे गमावले होते. इमारतीचा एक भाग शांततेच्या कामासाठी होता, दुसरा आरोग्याच्या. त्या काळी वेल्समध्ये क्षयरोगानं घरंच्या घरं रिकामी होत होती, आणि त्याच्याशी झुंजणाऱ्या संस्थेची कचेरी इथे होती.

आज याच इमारतीतून हब कम्री आफ्रिका ही संस्था आफ्रिकेशी जोडलेले दुवे सांभाळते. लेसोथोत क्षयाचं प्रमाण जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाणांपैकी आहे.

[दृश्य: दार उघडतं. पाठीवर सॅक घेतलेली एक नर्स आत जाते.]