कवटी, हाडं आणि तोफेचा गोळा

बसा बसा, पुढे जागा आहे. विषय अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या 'स्कल अँड बोन्स' या विद्यार्थ्यांच्या गुप्त मंडळाचा आहे, पण आधी आपला एक जुना हिशोब राहिलाय तो सांगतो, आमच्या घरी तो आता सगळ्यांना पाठ आहे, तुम्ही नवे सापडलात.

ज्या एलिहू येलचं नाव त्या विद्यापीठाला आहे ना, तो मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होता. 1690 मधे, राजाराम महाराज जिंजीला होते तेव्हा, कंपनीनं मराठ्यांकडून कडलूरजवळचा देवनामपट्टणचा किल्ला विकत घेतला. सौदा काय, तर किल्ला, आणि किल्ल्यावरून तोफ डागली की गोळा जिथवर जाईल तिथवरची सगळी गावं! आता तोफ कुणाची? कंपनीची. गोलंदाज? तोही त्यांचाच. अहो, आपल्याकडे गुंठाभर जागेची मोजणी असली तरी शेजारी टेप धरून उभा असतो. (हशा) त्या गावांना पुढे तोफगोळ्याची गावं असंच नाव पडलं. आणि याच येलनं 1718 मधे कनेक्टिकटच्या एका गरीब कॉलेजला 417 पुस्तकं, राजाचं एक चित्र आणि मालाचे 9 गठ्ठे पाठवले, माल विकून 562 पौंड आले आणि कॉलेजला कायमचं नाव मिळालं. आपल्याकडे एवढ्यात वर्गखोलीवर पाटी लागते.

किती? दहाच मिनिटं? बरं.

तर 1832 साली विल्यम रसेल आणि अल्फॉन्सो टॅफ्टनं हे मंडळ काढलं. दरवर्षी फक्त 15 जण. त्यांच्या इमारतीला तिथं थडगंच म्हणतात. आत जेरोनिमोची, म्हणजे अपाची आदिवासींच्या लढवय्या नेत्याची, कवटी आहे म्हणे, वंशजांनी 2009 मधे केस केली, ती फेटाळली गेली, सिद्ध काही नाही. लोकांना वाटतं आत जगाचा कट शिजतो, मला नाही वाटत. आत प्रत्येकानं आपली अख्खी जीवनकहाणी सांगायची असते. म्हणजे विशी-एकविशीत 14 माणसं अशी मिळतात ज्यांना तुमची सगळी अंडीपिल्ली माहीत, मग पुढे मोठ्या खुर्चीवर बसल्यावर फोन कुणाला लावाल? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा युद्धमंत्री स्टिम्सन बोन्सवाला, हाताखाली लव्हेट आणि हार्वी बंडी, तेही बोन्सवाले, बंडीची दोन पोरंही तिथलीच आणि व्हिएतनामच्या वेळी सरकारात. टॅफ्टचा मुलगा राष्ट्राध्यक्ष, बुश बाप-लेक राष्ट्राध्यक्ष, आणि 2004 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत धाकटा बुश विरुद्ध केरी, दोघेही त्याच थडग्यातले! टीव्हीवर विचारलं तर दोघांचं उत्तर एकच, गुप्त आहे.

हो, आटपतोच. 1991 मधे विद्यार्थ्यांनी मुलींना घ्यायचं ठरवलं तर माजी सदस्यांनी चक्क इमारतीची कुलपं बदलली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, मग मतदान होऊन मुली आल्या. खरं तर भाषण इथून सुरू करायचं होतं, पण वेळ त्या तोफेनं खाल्ला.