उंदराला गाठ आली नाही, म्हणजे स्टेम सेल सुरक्षित?

राम राम मंडळी! जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडून एकच प्रश्न येतोय: "भाऊ, स्टेम सेलनं कॅन्सर होतो का?"

मूळ गोष्ट पटकन सांगतो. २००६ साली जपानच्या शिन्या यामानाकांनी उंदराच्या साध्या पेशीत चार जनुकं घालून तिची मूलपेशी, म्हणजे कुठलीही पेशी बनू शकणारी स्टेम सेल, केली. आता अशाच मानवी मूलपेशींपासून डोळ्याच्या, हृदयाच्या पेशी बनवतात. त्यात काही कच्च्या, म्हणजे मूलपेशीच राहिल्या, तर शरीरात टेराटोमा नावाची गाठ होऊ शकते. या गाठीत केस, दातसुद्धा सापडतात.

म्हणून प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांना त्या पेशी टोचून महिनोन्महिने बघतात. पण नुसतं "गाठ आली नाही" हे वाक्य मला अजिबात चालत नाही! दुसऱ्या उंदरांना मुद्दाम कच्च्या मूलपेशी टोचल्या होत्या का? त्यांना गाठ आली का? तिथंही आली नसेल, तर चाचणीला गाठ दिसतच नाही.

भुसावळच्या मावशीला एका दवाखान्यानं गुडघ्यासाठी चकचकीत पत्रक दिलं. त्यात ठळक अक्षरात "प्राण्यांवर सिद्ध". किती पेशी टोचल्या, किती महिने पाहिलं, तुलनेला कोणते उंदीर होते, एक अक्षर नाही. गुडघ्यात बहुधा चरबीतल्या किंवा हाडांच्या मज्जेतल्या पेशी टोचतात, त्यांचा टेराटोमाचा धोका पुष्कळ कमी. तरी पुरावा मागायचाच ना!

कपाशीची निंदणी झाली की वावर स्वच्छ दिसतं. गाजरगवत राहिलंय का, ते पाऊस पडल्यावर कळतं. उंदीर महिनाभर पाहून "काही नाही" म्हणणारा पावसाआधीच वावर बघून आलाय. आणि लाखो पेशींत चार-दोन कच्च्या असतील, तर मोजक्या पेशी टोचून त्या हाती लागणारच नाहीत. म्हणून उंदरांच्या जोडीला लिन२८ हे जनुक चालू आहे का, ते पीसीआर या प्रयोगशाळेतल्या बारीक तपासणीनं शोधतात. कच्च्या पेशीत ते चालू असतं.

एका ताईंनी लिहिलंय, "स्वतःच्याच पेशी, मग भीती कसली?" ताई, जपानमध्ये २०१४ साली एका आजींच्या डोळ्यात त्यांच्याच त्वचेपासून बनवलेल्या पेशी बसवल्या. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत मात्र जनुकीय बदल दिसले, आणि २०१५ साली ते रोपण थांबवलं. स्वतःच्याच पेशी होत्या त्या! थांबवलं ते बरोबरच केलं. उलट एका इस्रायली मुलाला मॉस्कोत दुसऱ्यांच्या गर्भातल्या चेतासंस्थेच्या मूलपेशी दिल्या होत्या. चार वर्षांनी मेंदूत गाठी दिसल्या. २००९ साली तपासणी छापून आली: गाठ दात्याच्या पेशींची.

आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मूलपेशी रोपण सोडलं, तर बाकी सगळं फक्त रुग्णांवरच्या चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) चालतं. मग दवाखान्यात सीटीआरआय, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागा. मिळाला तर कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत ती नोंद उघडून वाचू.