फिल्म कॅमेऱ्यासाठी स्वस्तातली वाइड झूम: मिलिमीटर नंतर, आधी रिंग बघा

नमस्कार मंडळी! निकॉनच्या एफएम-१० या फिल्म कॅमेऱ्यावरच्या व्हिडिओखाली अजून रोज एक तरी कमेंट येते, "ताई, डिजिटलची १८-५५ झूम लेन्स घरात पडून आहे. तीच लावली तर वाइड मिळेल ना?" नाही मिळणार. का नाही, आणि मग कमी पैशात घ्यायचं काय, ते आज सांगते.

फिल्मची फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर. २८ च्या लेन्समधून तिरकस मापलं तर साधारण ७५ अंश दिसतं, २४ मधून ८४, २० मधून ९४. लेन्सचा आकडा जितका लहान तितकं जास्त मावतं, म्हणजेच वाइड.

१८-५५ बनलीय लहान सेन्सरसाठी. त्या कॅमेऱ्यावर १८ ला जेवढं दिसतं, तेवढं फिल्मवर २७ लाच दिसतं. म्हणजे डिजिटलवर तुम्हाला १८ पुरत होतं, तर इथे २८ पुरेल. २४ घेतलीत तर त्याहून जास्त मावेल. त्यामुळे आधी १८ चा हट्ट सोडा, निम्मे पैसे तिथेच वाचतात. आणि तीच लेन्स फिल्मवर चढवली तर १८ ला चारही कोपरे काळे येतात. झूम करत गेलं की काळं कमी होतं हे खरं, पण मग वाइड उरलं कुठे? निकॉनवर डीएक्स, सिग्मावर डीसी, टॅमरॉनवर डाय-टू लिहिलेलं दिसलं की ती लेन्स बाजूला ठेवा.

पण काळे कोपरे निदान दिसतात तरी. ज्या गोष्टीने रोल वाया जातात ती दिसत नाही. ती म्हणजे अ‍ॅपर्चर रिंग, लेन्सच्या आतलं भोक किती उघडं राहील ते ठरवणारी कडी.

माझ्या वर्कशॉपला येणारा एक मुलगा कार्ल्याला जाऊन आला. चैत्यगृह, ते खांब, वरच्या लाकडी कमानी, सगळं त्याने ब्लॅक अँड व्हाइटवर काढलं. रोल धुऊन आला तो जवळजवळ कोरा. लॅबवाल्याशी चांगलंच भांडण करून तो माझ्याकडे आला. मी पट्टी उजेडात धरली. कडेला फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव ठसठशीत काळं उमटलेलं. ती अक्षरं कारखान्यातच फिल्मवर प्रकाशाने उमटवलेली असतात आणि डेव्हलप झाल्यावरच दिसतात. ती नीट आली म्हणजे लॅबने काम चोख केलंय. फ्रेमपर्यंत उजेडच पोचला नव्हता. मी विचारलं, लेन्स कुठली? त्याने बॅगेतून काढली. नावाच्या शेवटी इंग्रजी 'जी' (G).

आता हे नीट ऐका. निकॉनच्या लेन्सच्या मागे एक छोटी दांडी असते. तुम्ही फ्रेम लावत असता तेव्हा कॅमेरा ती दांडी धरून लेन्स पूर्ण उघडी ठेवतो, म्हणून व्ह्यूफाइंडर उजळ दिसतो. बटण दाबलं की कॅमेरा दांडी सोडतो आणि भोकाभोवतीची पाती मिटायला लागतात. किती मिटायची, ते रिंग ठरवते. रिंगवर एफ ८ असेल तर पाती ८ ला थांबतात; आकडा जितका मोठा तितकं भोक लहान. जी लेन्सला रिंगच नाही. एफएम-१०, एफएम२, एफई२ या कॅमेऱ्यांना पाती मधेच अडवता येत नाहीत. मग ती थेट शेवटापर्यंत, म्हणजे बहुतेक वेळा एफ २२ पर्यंत मिटतात. तुम्हाला वाटतंय फोटो एफ ४ वर निघाला, प्रत्यक्षात निघाला २२ वर. पाच स्टॉप, आणि दर स्टॉपला उजेड निम्मा. बत्तीस पट कमी उजेड. कार्ल्याच्या अंधारात काय उरणार?

यावर दर वेळी हमखास येणारी कमेंट: "ताई, मी जी लेन्स लावून बघितली, आतून सगळं लख्ख दिसतं, मीटरही लागतो." अहो, लख्ख दिसणारच! तेव्हा कॅमेऱ्याने दांडी धरून ठेवलेली असते. आणि उजेड मोजणाऱ्या मीटरला लेन्स किती मिटणार हे सांगणारी रिंगच तिथे नाही, त्यामुळे तो जे सांगतो त्यावर विसंबता येत नाही. व्ह्यूफाइंडर बघून ही लेन्स चालते की नाही हे कधीच कळत नाही.

पटत नसेल तर हे करून बघा. कॅमेऱ्यात फिल्म नाही याची खात्री करा. मागचं झाकण उघडा. शटर बी वर ठेवा (बटण धरलं आहे तोवर ते उघडं राहतं), लीव्हर ओढा, लेन्स खिडकीकडे करा आणि बटण दाबून धरा. आता मागून बघा. रिंगवाली लेन्स एफ ८ ला ठेवली असेल तर मध्यम भोक दिसेल, ४ ला केलीत तर मोठं. जी लेन्स लावा, टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसेल, आणि ते बदलायची काही सोयच नाही. फिल्मला दिसतं ते हे.

भर उन्हात ४०० आयएसओची फिल्म घालून १/२५० सेकंदाला एफ २२ वरही फोटो येतो, त्यात वाद नाही. पण वाड्यात, देवळात, पावसाळी घाटात काय करणार? वाइड लेन्स आपण नेमकी अशाच जागांसाठी घेतो.

निकॉनच्याच एफ७५, एफ८०, एफ१०० वाल्यांनी ही काळजी करू नये. ते कॅमेरे दांडी स्वतः सांभाळतात, जी लेन्स मजेत चालते. तुम्ही रिंगवाली 'डी' (D) लेन्स लावलीत तर मात्र एफ८० वर रिंग २२ वर लॉक करायची, नाहीतर कॅमेरा एरर दाखवून अडून बसतो.

तर घ्यायचं काय? माझं उत्तर, निकॉनची एएफ २४-५०, एफ ३.३-४.५. (लेन्स कॅमेऱ्यासमोर धरत) हिला रिंग आहे, फिल्टर ६२ मिलिमीटरचा, मीटर बरोबर चालतो. लोक हिच्याकडे बघत नाहीत कारण ५० ला संपते, झूम कमी वाटतो. पण एफएम-१० सोबत मिळायची ती ३५-७० तुमच्याकडे असेल, तर अख्खं २४ ते ३५ नवीन मिळतंय, आणि खरा फरक तिथेच आहे. २८ वरून २४ वर या, चार मिलिमीटरमध्ये बंद खोलीतली समोरची भिंत आणि बाजूची खिडकी दोन्ही फ्रेममध्ये येतात. फोकसची रिंग अरुंद आहे, हाताला सवय व्हावी लागते. एवढी एकच कुरकुर.

याहून वाइड हवी तर १९-३५, ३.५-४.५. तोकिना, टॅमरॉन, कोसिना, तिघांनीही या मापाची काढली होती. पूर्ण उघडी ठेवली की कोपरे मऊ येतात, एफ ८ ला छान सुधारतात. बाजूचा उजेड अडवणारा हूड हवाच. फिल्टर ७७ चा आणि तो महाग. शिवाय २० च्या आसपास पोलरायझर फिल्टर लावू नका, आकाश एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकं येतं. निकॉनची स्वतःची १८-३५ डी यापेक्षा उजवी आहे, पण तिला स्वस्त म्हणता येणार नाही.

फसवणारी एक जोडी आहे. २८-८० मध्ये ३.५-५.६ डी ला रिंग आहे, ३.३-५.६ जी ला नाही. ऑनलाइन जाहिरातीत दोन्हींचं नाव नुसतं "निकॉन २८-८०" असतं. विकणाऱ्याकडून लेन्सच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. तो देत नसेल तर सोडून द्या.

भाव मी सांगत नाही, आज सांगितलेला भाव पुढच्या महिन्यात खोटा ठरतो.

कॅननवाले रागावतील म्हणून: ईओएस फिल्म कॅमेऱ्याला रिंगचा प्रश्न नाही, तिथे अ‍ॅपर्चर विजेवर चालतं. तुम्ही खूण बघा. लाल ठिपका म्हणजे ईएफ, बसेल. पांढरा चौकोन म्हणजे ईएफ-एस, बसणार नाही, आणि जबरदस्तीने बसवायला जाऊ नका, मागचा भाग आरशाच्या वाटेत येतो. घ्यायची तर ईएफ २०-३५, ३.५-४.५.

दुकानात हातात आली की मोबाइलचा टॉर्च एका बाजूने लावून दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या लेन्सेसमध्ये हे फार आढळतं. धूळ चालेल, बुरशी नको. मग रिंग १६ वर करा आणि मागची दांडी बोटाने ओढून सोडा. पाती खटकन मिटली पाहिजेत. सावकाश सरकली, किंवा पात्यांवर तेल चमकलं, तर परत द्या, कितीही स्वस्त असो. आणि कॅमेरा सोबत न्या. झाकण उघडायचं, बी वर बटण धरायचं, मागून बघायचं. दुकानदार "काय करताय?" विचारेल. त्यालाही दाखवा.