हॉर्नबी रोड ते दादाभाई नौरोजी मार्ग

(दृश्य: सकाळ. सीएसएमटीच्या भुयारी मार्गातून वर येणारी गर्दी.)

सकाळचे साडेनऊ. लोकल रिकामी होते आणि गर्दी फोर्टच्या दिशेने चालू लागते. यातल्या कुणालाही रस्त्याचं नाव विचारा. उत्तर येईल, "डी. एन. रोड." डी म्हणजे कोण आणि एन म्हणजे कोण, हे विचारलं की मात्र चालणारा क्षणभर थांबतो.

क्रॉफर्ड मार्केटपासून फ्लोरा फाउंटनपर्यंतचा हा रस्ता आपल्या आजोबा-पणजोबांना 'हॉर्नबी रोड' म्हणून माहीत होता.

विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. तेव्हा महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी बेटांच्या पोटात शिरायचं. हॉर्नबीने तिथे बांध घातला, तोच हॉर्नबी वेलार्ड. त्या बांधाची आपल्याकडे वेगळीच गोष्ट सांगतात. काम पुन्हा पुन्हा ढासळत होतं, मग रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती वर काढल्या, आणि बांध टिकला. महालक्ष्मीच्या देवळाची ही आख्यायिका. साहेबाच्या नावाच्या बांधाला मुंबईने आपली देवी जोडून घेतली, हे मला फार आवडतं.

(दृश्य: जुने नकाशे. किल्ल्याची तटबंदी.)

आपला रस्ता त्या काळी किल्ल्याच्या तटाआड होता, आणि अरुंद होता. १८६० च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, तट पाडले गेले आणि शहराने मोकळा श्वास घेतला. रस्ता रुंद झाला, दोन्ही बाजूंना दगडी इमारती चढल्या. १८९६ मध्ये नियम आला की इथल्या प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची पडवी सोडायची. इमारतींचे नकाशे निरनिराळे, शैली निरनिराळ्या, पण खालची सावली सलग. जुलैत छत्री मिटून या कमानींखालून चालून बघा. बाहेर सरी कोसळत असतात, आणि आत घड्याळांचे पट्टे, चष्मे, जुनी पुस्तकं मांडलेली असतात.

स्वातंत्र्यानंतर हॉर्नबीची पाटी उतरली आणि दादाभाई नौरोजींची चढली.

दादाभाई याच मुंबईत, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये शिकले आणि तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. त्या जागेवर नेमले गेलेले ते पहिले भारतीय. १८४९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी मुलींसाठी मराठी आणि गुजराती शाळा काढल्या. मुलींना शिकवायचं म्हटलं की घरोघरी विरोध व्हायचा, असा तो काळ.

पुढे ते विलायतेला गेले. गणिताचा हा माणूस आकडे घेऊन बसला आणि एकच प्रश्न विचारत राहिला: हिंदुस्थानात पिकणारी संपत्ती जाते कुठे? पगार, पेन्शन, व्याज, नफा यांतून ती दरवर्षी इंग्लंडला वाहून जाते, हे १८६७ पासून त्यांनी लंडनमध्येच, राज्यकर्त्यांच्या तोंडावर मांडलं. पंतप्रधान सॉल्सबरी यांनी १८८८ मध्ये जाहीर भाषणात त्यांच्या रंगावरून त्यांना हिणवलं. १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी त्यांना संसदेत पाठवलं. मताधिक्य किती? पाच. अवघी पाच मतं. काँग्रेसचे अध्यक्ष ते तीनदा झाले. १९०६ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी 'स्वराज्य' हा शब्द अध्यक्षपदावरून उच्चारला.

(दृश्य: खादी भांडाराची इमारत.)

याच रस्त्यावर व्हाइटअवे लेडलॉ या इंग्रजी कंपनीचं मोठं दुकान होतं. साहेब-मडमांचे कपडे तिथे मिळायचे. पुढे त्याच इमारतीत खादी विकली जाऊ लागली. दादाभाईंनी आयुष्यभर मांडलेला हिशेब मला त्या इमारतीसमोर उभं राहिल्यावर जितका कळला, तितका पाठ्यपुस्तकात कळला नव्हता.

(दृश्य: हुतात्मा चौक. पुतळा.)

रस्त्याच्या टोकाला दादाभाई स्वतः बसले आहेत, ब्राँझमध्ये, डोक्यावर पारशी पगडी. शिल्पकार बाळाजी वसंत तालीम. शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची मूर्तीही याच हातांनी घडवली. तिच्यापुढे रोज रांगा लागतात. इथे गर्दी सिग्नल सुटायची वाट बघते, हिरवा दिवा लागतो, आणि आजोबांच्या वळणाने बसलेल्या त्या म्हाताऱ्याच्या पायांजवळून सगळे भराभर निघून जातात.