पहिल्या रात्रीचं बिल

नमस्कार. आधीच सांगते, मी डॉक्टर नाहीये. मी ती बाई आहे जी रात्री अकरा वाजता जनावरांच्या दवाखान्याच्या काउंटरवर टॉवेलात गुंडाळलेलं मांजराचं पिल्लू घेऊन उभी असते आणि समोरचा माणूस एस्टिमेटचा, म्हणजे खर्चाच्या अंदाजाचा, कागद पुढे सरकवून म्हणतो, मॅडम सही करा. आज मी त्या कागदाबद्दल बोलणार आहे. पिल्लू किती गोड होतं, डोळे कसे होते, ते तुम्हाला माहितीच आहे, त्याशिवाय तुम्ही इथे आला नसतात.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना, इथे उलटं असतं, पाय आधीच पसरलेले असतात, म्हणजे पिल्लू टेबलावर आडवं पडलंय, आणि अंथरूण कुणाचं ते आपल्याला उभ्याउभ्या पाच मिनिटांत ठरवायचं असतं. त्या पाच मिनिटांत माणूस एकतर सगळ्यावर सही करतो नाहीतर घाबरून पिल्लू घेऊन घरी निघून जातो. मी दोन्ही करून बसलेय.

पण कागदाच्याही आधीची एक गोष्ट, कारण माझं पहिलं पिल्लू दवाखान्यापर्यंत पोचलंच नाही. पावसात भिजलेलं, गारठलेलं, तोंडसुद्धा धड उघडत नव्हतं. मी काय केलं, तर दूध कोमट केलं आणि ड्रॉपरने पाजलं. आपल्याकडे पिल्लू म्हटलं की दूध, डोक्यात दुसरं काही येतच नाही. सकाळी ते गेलेलं होतं. नंतर डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं की मी नेमकं काय केलं ते. मोठ्या मांजराचं अंगाचं तापमान साधारण ३८ ते ३९ डिग्री असतं, पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं त्याहून कमी, ३५ ते ३७, आणि पिल्लाला स्वतःची ऊब स्वतः धरून ठेवायला जवळजवळ ४ आठवडे लागतात. ते गार पडलं की आतडी काम थांबवतात, गिळणं मंदावतं, मग पाजलेलं दूध एकतर पोटात नुसतं पडून राहतं नाहीतर सरळ फुप्फुसात जातं. म्हणजे मी ज्याला माया समजत होते ते त्याच्या छातीत चाललं होतं.

म्हणून आधी ऊब, मग अन्न. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खाली किंवा बाजूला ठेवा, अंगावर नाही, आणि नको झालं तर त्याला सरकता येईल एवढी जागा ठेवा, कारण अशक्त पिल्लाला भाजलं तरी ते हलू शकत नाही. घाई करू नका, तास दोन तास लागू देत. ड्रायर नको. आणि गाईचं दूध तर ऊब आल्यावरही नको, त्याने जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे नवीनच इमर्जन्सी. मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, ती. अगदीच गळून गेलं असेल तर डॉक्टरांना फोनवर विचारून हिरड्यांना साखरेच्या पाण्याचं बोट लावायचं, कारण पिल्लांची साखर फार पटकन खाली जाते. घरातली माणसांची औषधं तर बिलकुल नाही. पॅरासिटामॉल मांजराच्या लिव्हरला पचवताच येत नाही, त्याने रक्त ऑक्सिजन वाहून न्यायच्या लायकीचं राहत नाही, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. आणि कुत्र्याचं पिसवांचं औषध, ज्यात परमेथ्रिन असतं, तेही तसंच.

हे सगळं फुकटातलं आहे म्हणून आधी सांगितलं. यातलं एक चुकलं की पुढे कितीही खर्च करा, वरातीमागून घोडं.

आता दुसरं पिल्लू. ३८० ग्रॅम. हे वजन मला आजही पाठ आहे कारण त्या रात्री प्रत्येक जण तेच विचारत होता. अंगावर पिसवा इतक्या की टॉवेल काळा झाला, हिरड्या पांढऱ्याफटक. मला वाटलं पिसवाच आहेत, आंघोळ घालू, होईल. डॉक्टर म्हणाले ह्याला पिसवांनी प्यायलंय. नीट ऐका, मांजराच्या अंगात किलोमागे साधारण ६० मिली रक्त असतं, म्हणजे ३८० ग्रॅमच्या पिल्लात झालं २३ मिली. औषधाच्या बाटलीबरोबर ५ मिलीचं झाकण येतं ना, तशी पाच झाकणंसुद्धा पूर्ण भरत नाहीत. एवढाच सगळा साठा, आणि त्यावर शेकडो पिसवा जेवतायत. तेव्हापासून टेस्टसाठी रक्त काढायचं म्हटलं की मी विचारते, किती काढणार? डॉक्टर हसतात पण सांगतात.

मग सलाईन लावायचं होतं तर शीर मिळेना. दोन्ही पाय झाले, मान झाली, शिरा आत बसलेल्या. तर त्यांनी मांडीचं हाड चाचपलं आणि हाडातच सुई घातली. मी ओरडलेच, म्हटलं हे काय करताय. ते शांतपणे म्हणाले, शीर मिटते, हाडाची पोकळी मिटत नाही, इथून दिलेलं लगेच रक्तात जातं. एवढंसं ते हाड, त्यात ती सुई, वरून चिकटपट्टी, आणि अर्ध्या तासाने त्या पिल्लाने मान उचलली आणि टेबलाकडे रागाने बघितलं. तो राग बघून बरं वाटलं.

रक्त द्यायचं का, हाही प्रश्न आला. मांजरांमध्ये ए, बी आणि एबी असे गट असतात, आणि बी गटाच्या मांजराच्या रक्तात ए विरुद्धच्या अँटीबॉडी आधीपासूनच तयार असतात, त्यामुळे चुकीचं रक्त पहिल्याच वेळी दिलं तरी मरू शकतं. घरात दुसरी मांजर आहे, तिचं काढा की, असं होत नाही, गट तपासावाच लागतो. इथे तो खर्च वाचवायचा विचारही करू नका.

बरं, आता कागद. एस्टिमेटमध्ये दोन आकडे असतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, आपण वाचतो कमीतला आणि येतो जास्तीतला. आधी डिपॉझिट मागतात. मी पूर्वी चिडायचे, यांना मुका जीव दिसत नाही का वगैरे. आता नाही चिडत. रात्रभर ऑक्सिजनवर लक्ष ठेवून कोणीतरी बसलेलं असतं, दर तासाला तापमान, साखर बघतं, सलाईनचा थेंब मोजतं, त्या माणसालाही पगार लागतो. आणि खरं सांगायचं तर बरेचसे लोक पिल्लू ठेवतात आणि फोन उचलत नाहीत, त्यांच्यामुळे डिपॉझिट आलंय.

पण मी एक शिकले ते असं की तो अख्खा कागद एकदम घ्यायचा नाही. तो टप्प्यांत असतो, फक्त तसा छापलेला नसतो. पहिला टप्पा म्हणजे पिल्लू रात्र काढेल का, ऊब, साखर, सलाईन, ऑक्सिजन, दुखणं थांबवणं. दुसरा, झालंय काय, म्हणजे एक्सरे, रक्त, सोनोग्राफी. तिसरा, अ‍ॅडमिट किती दिवस. मी सरळ म्हणते, डॉक्टर मी आत्ता पहिल्या टप्प्यावर सही करते, माझ्याकडे आज एवढे आहेत, ह्यात सगळ्यात उपयोगाचं काय ते आधी करा, सकाळी बोलू. लाज वाटायची पहिल्यांदा. नका वाटून घेऊ, डॉक्टरांनाही तो आकडा माहीत असलेला बराच असतो, त्यांच्याकडे ह्याला स्पेक्ट्रम ऑफ केअर असं रीतसर नाव आहे, म्हणजे सगळ्यात भारी उपचार आणि काहीच नाही ह्यांच्यामध्येही चांगले मार्ग असतात.

आणि प्रत्येक टेस्टला एक प्रश्न. ह्याचं उत्तर हो आलं किंवा नाही आलं, तर आज रात्रीचं औषध बदलणार आहे का? बदलणार असेल तर करा. नसेल तर उद्या. आता बघा, एफआयव्हीची टेस्ट, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या व्हायरसची. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लात ती पॉझिटिव्ह आली तरी आईकडून आलेल्या अँटीबॉडीमुळे आलेली असू शकते, त्या रात्री ती करून मिळणार काय, तर नुसता धसका. मी तसल्या रिपोर्टवर माणसांना पिल्लू सोडून देताना बघितलंय. उलट पार्व्होची, म्हणजे झपाट्याने पसरणाऱ्या एका व्हायरसची, टेस्ट लगेच करायची, कारण पॉझिटिव्ह आली तर पिल्लाला वेगळं ठेवायला लागतं, उपचार बदलतात, आणि तुमच्या घरच्या मांजरांचंही ठरतं.

मांजरांचा पार्व्हो, म्हणजे पॅनल्युकोपेनिया, त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार तळाला जातात. त्या व्हायरसला मारणारं ठरलेलं औषध नाहीये, सलाईन, उलटी थांबवायचं, इतर इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक, आणि वाट बघायची. म्हणजे तुम्ही पैसे औषधाचे देत नाही, रात्रींचे देता. पाच एक दिवस काढले तर बहुतेक वेळा पुढे तगतात, म्हणून मी पैसे जमवताना पहिल्या दिवशीच पाच रात्रींचा हिशेब करते. एका रात्रीचे जमवून दुसऱ्या रात्री हात वर करण्यात काही अर्थ नाही.

एफआयपीचं तर अजूनच. मांजरांमधल्या कोरोनाव्हायरसमुळे होणारा हा आजार म्हणजे पूर्वी सरळ मरणच होतं. २०१९ मध्ये एक अभ्यास आला, जीएस-४४१५२४ नावाच्या औषधाचा, ३१ मांजरांवर, आणि त्यातली बहुतेक वाचली. पण त्याचा कोर्स ८४ दिवसांचा, आणि डोस वजनावर. आता गंमत ऐका, गंमत म्हणजे तशी नाही, पण पिल्लू बरं व्हायला लागलं की वजन वाढतं, वजन वाढलं की डोस वाढतो, डोस वाढला की बिल वाढतं. मी एका मुलीला रोज सकाळी काट्यावर पिल्लू ठेवून एकाच वेळी हसताना आणि कपाळाला हात लावताना बघितलंय. तर हे पहिल्या दिवशी माहीत हवं, दहा दिवसांचे पैसे घेऊन ८४ दिवसांच्या रस्त्याला लागू नका.

काट्यावरून आठवलं, घरात साधा डिजिटल वजनकाटा घ्या. लहान पिल्लाचं वजन रोज १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. एक दिवस वाढलं नाही तर लक्ष ठेवा, घटलं तर फोन करा, दुसऱ्या दिवशीची वाट बघू नका. कुठलीही महागडी टेस्ट सांगायच्या आधी काटा सांगतो.

आणि तुमचा स्वतःचा खर्च कोणी धरतच नाही. घाबरलेलं पिल्लू चावतं. मला चावलं होतं, मी दवाखान्यात कोणाला बोलले नाही, म्हटलं पिल्लाचं राहील बाजूला. महामूर्खपणा. साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी माणसांच्या डॉक्टरकडे. ह्यात पिल्लू किती छोटं होतं, घरात वाढलेलं वाटत होतं, हे काही चालत नाही.

मागून कोणीतरी विचारलं, थांबायचं कधी. हो, येतेच त्याच्यावर. हे डॉक्टरांना पहिल्याच रात्री विचारायचं, की काय दिसलं म्हणजे आपण थांबायचं. रात्री तीनला फोन येतो तेव्हा सुचत नाही, तेव्हा तोंडातून एकच निघतं, काहीही करा पण वाचवा, आणि मग जे काहीही केलं जातं ते त्या पिल्लालाच भोगावं लागतं. माझ्या तिसऱ्या पिल्लाला गाडीने उडवलं होतं, कंबर मोडलेली. कंबर मोडली तर पिल्लं पुष्कळदा नुसत्या पिंजऱ्यातल्या विश्रांतीवर जुळून येतात, तीन पायांची मांजरं तर आरामात कपाटावर चढतात, त्यामुळे एक्सरे बघून हबकायचं नसतं. पण ह्याच्या मागच्या पायांना आणि शेपटीला खोल चिमटा काढला तरी कळत नव्हतं, लघवी होत नव्हती, आणि आमचं आधी ठरलं होतं की ४८ तासांत काही फरक पडला नाही तर इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं. नाही पडला. मी हात धरून, म्हणजे पंजा धरून बसले होते, इंजेक्शन दिल्यावर फार वेळ लागत नाही.

त्या पिल्लासाठी पैसे जमवले होते. सगळ्यांना मी आधीच सांगितलं होतं की पैसे माझ्याकडे नका पाठवू, थेट दवाखान्याच्या खात्यावर त्याच्या केस नंबरवर टाका, आणि रोज बिलाचा फोटो सगळ्यांना जायचा. वाईट दिवसाचाही. मेलं तेही त्याच दिवशी कळवलं, दोन दिवस गप्प बसून मग नाही. काही पैसे उरले. मी एकेकाला विचारलं परत करू का, तर एक आजोबा म्हणाले, राहू दे तिथेच, येईल कोणीतरी. तर ते तिथेच पुढच्या केससाठी जमा करून ठेवले, काउंटरवरच्या मुलीने वहीत लिहिलं, शिल्लक, पिल्लू.

चौथ्या दिवशी तिचाच फोन आला. खोक्यात दोन आहेत म्हणाली, एक गार पडलंय. मी म्हटलं, दूध पाजू नकोस, मी निघालेच.